‘ताप’ हे सदर : वऱ्हाडातील मृत्युनोंदी आणि रोगकल्पनेचा इतिहास

उमरखेड हे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेजवळ, पैनगंगेच्या अलीकडे वसलेले तालुक्याचे गाव होय. नदीचा पलीकडचा काठ १९४८ पर्यंत निजामाच्या प्रत्यक्ष अमलात होता. अलीकडचा काठ वऱ्हाडात मोडे. आणि वऱ्हाड नावाने निजामाचे असले तरी १८५३ च्या तहान्वये त्याचा कारभार इंग्रजांकडे आलेला होता. सरकारी दप्तरात ह्या मुलखाला ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असे लांबलचक नाव होते. १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिला व १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. उमरखेडचा परिसर त्या काळी पुसद तालुक्यात असे, आणि पुसद तालुका वाशीम जिल्ह्यात. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडला, तेव्हा हा तालुका यवतमाळकडे आला. कारभाराच्या ह्या उलथापालथी येथे सांगण्याचे कारण असे की, ह्या भागातील जन्ममृत्यूंचे आकडे एका सलग मालिकेत मिळत नाहीत. जिल्हा बदलतो, वरिष्ठ कचेरी बदलते, अहवालाचे नाव बदलते. बदलत नाही ते एकच : मृत्यूच्या कारणांच्या तक्त्यातील ‘ताप’ हे सदर.

विदर्भाच्या लोकसंख्येचा किंवा सार्वजनिक आरोग्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला ह्या सदरापाशी थांबावेच लागते. सॅनिटरी कमिशनरच्या वार्षिक अहवालांत मृत्यूंची विभागणी पटकी, देवी, ताप, हगवण व आमांश, जखमा व अपघात, आणि ‘इतर कारणे’ अशा मोजक्या सदरांत केलेली असे; पुढे त्यांत प्लेग व श्वसनाचे विकार ह्यांची भर पडली. नोंदीचा उगम गावात होता. मृत्यूची वर्दी देणारा पाटील वैद्य नव्हता, आणि त्याने मृताची नाडी पाहावी अशी अपेक्षाही नव्हती. पटकी त्याला ओळखता येई. देवीचे व्रण सर्वांनाच दिसत. बुडालेला, साप चावलेला, झाडावरून पडलेला मनुष्य ओळखण्यास शास्त्र लागत नाही. उरलेल्यांपैकी ज्याच्या अंगाला मरणापूर्वी चटका होता, तो तापाने गेला. साहजिकच हे सदर बहुतेक वर्षी सर्वांत मोठे असे. १९१८ च्या शरद ऋतूत इन्फ्लुएंझाची साथ आली, तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाड हा हिंदुस्थानातील सर्वाधिक पीडित भागांपैकी एक होता. परंतु त्या मृत्यूंचा फार मोठा वाटाही ह्याच सदरात जमा झाला. अशा रीतीने शतकातील सर्वांत भयंकर साथ आपल्या कागदांत स्वतःच्या नावाने पूर्णपणे उतरलीच नाही.

असे असूनही ‘ताप म्हणजे हिवताप’ हे समीकरण आपल्याकडील लेखनात सहजपणे वापरले जाते. पैनगंगेचा काठ, उत्तरेकडील पुसदच्या डोंगररांगा, पूर्वेकडचे ‘बंदी भाग’ म्हणून ओळखले जाणारे जंगल, पावसाळ्यानंतर साचणारे नाल्यांचे पाणी, हे सारे पाहिले म्हणजे ते समीकरण पटूही लागते. हिवताप येथे होताच, आणि पुष्कळ होता. प्रश्न एवढाच आहे की त्या सदराखाली आणखी कोण निजले आहे. ह्याचे उत्तर देण्यासाठी रोग म्हणजे काय, ह्या कल्पनेचाच इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला पाहिजे. कारण तक्त्यातील सदरे पाटलाने केलेली नव्हती, ती त्या काळच्या वैद्यकाने केलेली होती.

आयुर्वेदाने ज्वराला रोगांत अग्रस्थान दिले. माधवनिदानात पंचलक्षणांच्या विवेचनानंतर पहिले प्रकरण ज्वराचेच आहे. येऊन-जाऊन असणाऱ्या विषमज्वराचे सतत, अन्येद्युष्क, तृतीयक, चतुर्थक असे भेद कालक्रमावरून केलेले आहेत, आणि ते निरीक्षण इतके काटेकोर आहे की हिवतापाच्या निरनिराळ्या परोपजीवींचे कालचक्र त्यांत ओळखू यावे. मराठीतील ‘एकांतरा’ हा शब्द त्याच परंपरेतला. परंतु येथे अधिक महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. सुश्रुतसंहितेत रोगांचे जे सप्तविध वर्गीकरण आहे, त्यांत ‘आदिबलप्रवृत्त’ म्हणजे आईबापांच्या बीजातील दोषांमुळे होणारे रोग असा स्वतंत्र वर्ग आहे. आणि त्याच ग्रंथात, दुसऱ्या ठिकाणी, एका माणसापासून दुसऱ्याकडे जाणाऱ्या ‘औपसर्गिक’ रोगांचाही उल्लेख आहे. आनुवंशिकता आणि संसर्ग ह्या दोन्ही कल्पना अशा तऱ्हेने येथे फार पूर्वीपासून होत्या. लक्षात घेण्याजोगे हे की, कुष्ठाचे नाव दोन्ही वर्गांत येते. टीकाकारांना त्यांत विसंगती वाटली नाही. आधुनिक वाचकाला ती वाटते, कारण एकोणिसाव्या शतकाने ह्या दोन कल्पनांमध्ये भिंत उभी केली.

ती भिंत उभी राहण्यापूर्वी युरोपीय वैद्यकही ज्वराकडे ऋतू, भूमी व हवा ह्यांच्या दृष्टीने पाहत होते. ‘मलेरिया’ हा शब्दच ‘वाईट हवा’ ह्या अर्थाच्या इटालियन शब्दांवरून आला. दलदलीतून निघणारी दूषित हवा ज्वर उत्पन्न करते, असे समजले जाई. १८४० नंतरच्या दशकात डेम्पस्टर ह्या इंग्रज डॉक्टराने पश्चिम यमुना कालव्याकाठच्या गावांत माणसांची पोटे चाचपून कितींची पानथरी वाढली आहे हे मोजले, आणि त्या प्रमाणावरून भूमी किती ज्वरकारक आहे हे ठरविण्याची रीत घालून दिली. ही रीत सोपी, स्वस्त आणि उपयुक्त होती. म्हणूनच ती शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली, आणि वाढलेली पानथरी म्हणजे हिवताप हा डॉक्टरी संकेत इतका रूढ झाला की त्यावर शंका घेण्याचे कोणाला कारण उरले नाही.

सूक्ष्मदर्शकाने ज्वराची ही मोठी मोट सोडावयास प्रारंभ केला. १८७७ च्या दुष्काळात मुंबईतील ज्वररोग्यांच्या रक्तात हेन्री व्हॅनडाइक कार्टर ह्यांना मळसूत्रासारखे जंतू आढळले. उलटून येणारा ताप हा हिवतापाहून निराळा ठरला. १८८० च्या ६ नोव्हेंबर रोजी अल्जीरियातील कॉन्स्टंटिन येथे लाव्हरां ह्या फ्रेंच लष्करी डॉक्टरास हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात सजीव परोपजीवी दिसला. १८८४ मध्ये कोख ह्यांनी कलकत्त्यास पटकीच्या जंतूचे संशोधन पूर्ण केले. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू सापडला आणि १८९७ च्या आरंभी हाफकिन ह्यांनी मुंबईत प्लेगची लस टोचण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी २० ऑगस्टला सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस ह्यांनी डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा परोपजीवी पाहिला. सिकंदराबाद हे निजामाच्या मुलखातले. म्हणजे उमरखेडच्या लोकांना तापाचे जे कारण ठाऊक नव्हते, ते नावाने त्यांच्याच राजाच्या राज्यात उघडकीस आले. गावच्या नोंदवहीवर मात्र त्याचा काहीच परिणाम झाला नाही. सदर पूर्वीचेच राहिले. फक्त वाचणाऱ्याच्या मनातील अर्थ बदलला. पूर्वी त्याला त्यात वाईट हवा दिसे, आता डास दिसू लागला.

जंतुसिद्धान्ताचा हा विजय खरा होता व त्याने असंख्य प्राण वाचविले. परंतु विजयी सिद्धान्ताची एक सवय असते. तो आपल्या कक्षेबाहेरचेही आपलेच समजू लागतो. रोग म्हणजे बाहेरून आलेल्या शत्रूचे आक्रमण, ही प्रतिमा सर्वत्र रूढ झाली. कुष्ठाच्या बाबतीत ती योग्य ठरली. नॉर्वेतील डॅनियल्सेन व बोएक ह्यांनी १८४७ मध्ये कुष्ठ हा मुख्यतः आनुवंशिक विकार असल्याचे प्रतिपादन केले होते. १८७३ मध्ये त्याच देशातील हॅन्सेन ह्यांनी त्याचा जंतू दाखवून हे मत मोडून काढले. कुष्ठरोग्याच्या मुलाबाळांवर पिढ्यान्‌पिढ्या बसलेला शिक्का शास्त्राच्या दृष्टीने तेव्हाच पुसला गेला. समाजाच्या दृष्टीने तो पुसण्यास किती काळ लागला, हे १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे आणि १९४९ मध्ये वरोरा येथे जी कामे सुरू करावी लागली, त्यांवरून विदर्भाला सांगण्याची गरज नाही. रक्तातला समजला गेलेला रोग बाहेरचा निघाला, त्याचे हे उदाहरण. ह्याच्या उलट, बाहेरचा समजला गेलेला रोग रक्तातला निघाला, त्याचे उदाहरणही विदर्भातच आहे, आणि ‘ताप’ ह्या सदराचा विचार करताना तेच अधिक महत्त्वाचे आहे.

त्या शोधाची वाट जंतूंकडून नव्हे, पेशींकडून गेली. १८५८ मध्ये बर्लिन येथील व्याख्यानांतून रुडॉल्फ फिर्खो ह्यांनी असे मांडले की रोगाचे खरे अधिष्ठान पेशी हे होय. रोग म्हणजे शरीरात शिरलेली परकी वस्तू नव्हे, तर पेशीचेच बदललेल्या परिस्थितीतील जीवन होय. जंतूंच्या शोधांच्या धामधुमीत ही दृष्टी काहीशी मागे पडली. १९०४ च्या अखेरीस शिकागोतील एका रुग्णालयात वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून आलेला दंतवैद्यकाचा एक कृष्णवर्णी विद्यार्थी दाखल झाला. त्याच्या रक्ताच्या थेंबात अर्नेस्ट आयर्न्स ह्या उमेदवार डॉक्टरास लांबट, बाकदार, विळ्याच्या पात्यासारख्या तांबड्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक ह्यांनी १९१० मध्ये ते वर्णन प्रसिद्ध केले. जंतू कोठेच नव्हता. विकृत होती ती पेशी. १९२२ मध्ये मेसन ह्यांनी ह्या विकारास ‘सिकल सेल ॲनिमिया’ हे नाव दिले, आणि १९२७ मध्ये हान व गिलेस्पी ह्यांनी दाखविले की प्राणवायू कमी पडला म्हणजे ह्या पेशी वाकतात, तो मिळाला म्हणजे पुष्कळशा पुन्हा सरळ होतात.

पुढचे पाऊल पेशीच्याही आत पडले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग, इटानो, सिंगर व वेल्स ह्यांनी विद्युत्‌क्षेत्रात सिकलसेलच्या रोग्याचे हीमोग्लोबिन निरोगी माणसाच्या हीमोग्लोबिनपेक्षा निराळ्या गतीने सरकते असे सिद्ध केले, आणि ह्या विकाराला ‘रेणूचा रोग’ म्हटले. रोगाच्या इतिहासात हा शब्दप्रयोग नवा होता. त्याच वर्षी नील व बीट ह्यांनी स्वतंत्रपणे त्याची आनुवंशिक रीत स्पष्ट केली : आई व बाप दोघांकडून सदोष जनुक आले तर मूल रोगी होते, एकाकडूनच आले तर ते केवळ वाहक राहते व बहुधा आयुष्यभर निरोगी असते. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक अपत्य रोगी होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा दोनांत एक. १९५६ व १९५७ मध्ये इंग्राम ह्यांनी दोष नेमका कोठे आहे हे शोधले. हीमोग्लोबिनच्या बीटा शृंखलेत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते. एवढाच फरक. तेवढ्याने प्राणवायू सोडलेले रेणू एकमेकांस चिकटून त्यांच्या काड्या बनतात, पेशी वाकते व ताठ होते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. आणि जी तांबडी पेशी एरवी सुमारे १२० दिवस जगावयाची ती दहावीस दिवसांतच फुटते.

आता ह्याची लक्षणे वऱ्हाडातील एखाद्या खेड्याच्या दृष्टीने पाहावीत. मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत बरे असते, कारण तोवर त्याच्या रक्तात गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन पुरेसे असते. नंतर हातापायांची बोटे सुजतात, अंग दुखते, ताप येतो, रक्त कमी होते, डोळे पिवळे दिसतात, पोटात डाव्या बाजूस पानथरी हातास लागते. सांधे दुखतात तो वात. डोळे पिवळे ती कावीळ. पोटात गोळा ती पानथरी. अंग तापले तो ताप. एकाच विकाराला चार नावे मिळतात, आणि प्रत्येक नाव दुसऱ्याच रोगाचे असते. डॉक्टराकडे नेले तरी फार वेगळे घडण्याचा संभव नव्हता. पांडुता, ताप आणि वाढलेली पानथरी ही त्रयी हिवतापाची म्हणून शिकविलेली होती. मूल हिवतापाच्या मुलखातले होते. आणि ब्रिटिश हिंदुस्थानात क्विनीनच्या पुड्या टपाल कचेरीतून विकण्याची सोय झालेली होती. क्विनीनने गुण आला नाही तर आजार बळावला असे समजत. निदान चुकले असे म्हणावयास आधार नव्हता. मूल दगावले म्हणजे पाटील जे लिहीत असे ते त्याच्या परीने खोटे नव्हते.

हा विकार दिसला कसा नाही, ह्याचे दुसरे उत्तर अंकगणितात आहे. समजा, आपल्यातच विवाह करणाऱ्या एखाद्या समाजात शंभरांमागे १८ जण वाहक आहेत. १९०८ मध्ये हार्डी व वाइनबर्ग ह्यांनी मांडलेल्या नियमानुसार त्या समाजात शंभर जन्मांमागे सुमारे एक मूल रोगी निघेल; म्हणजे हजारी दहा. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य प्रांत व वऱ्हाडात हजार जन्मांमागे दोनशेहून अधिक अर्भके वर्षाच्या आत मरत. दोनशेंच्या ढिगात दहा ओळखू येत नाहीत. शिवाय ही दहा मुले बहुधा पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात व पुढच्या दोनचार वर्षांत, म्हणजे नेमक्या त्याच वयात जात, ज्या वयात आईकडून मिळालेले संरक्षण संपून हिवतापही मुलांना गाठतो. वय तेच, लक्षणे तीच, सदर तेच. एका रोगाला दुसऱ्याच्या आड लपण्यास ह्याहून सोयीची जागा मिळणे कठीण.

हिंदुस्थानात हे जनुक आहे असे प्रथम १९५२ मध्ये कळले. लेहमान व कटबुश ह्यांना ते निलगिरीच्या आदिवासींत सापडले. त्याच वर्षी डनलॉप व मजुमदार ह्यांनी आसामातील चहाच्या मळ्यांवरील स्थलांतरित मजुरांत ते असल्याचे नोंदविले. १९५६ मध्ये सुकुमारन, संघवी व व्यास ह्यांनी पश्चिम भारतातील काही जमातींविषयी लिहिले. विदर्भाचा क्रमांक १९५८ मध्ये लागला. नागपूरला वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये निघाले होते. शुक्ल व सोळंकी ह्यांनी १९५८ च्या फेब्रुवारीत ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातील सिकलसेल वाहकतेवर टिपण प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी परांडे ह्यांच्यासह भारतातील ह्या रोगावर अधिक विस्तृत निबंध लिहिला. ज्या वर्षी हे घडले त्याच वर्षी १९५३ च्या हिवताप नियंत्रण कार्यक्रमाचे रूपांतर हिवताप निर्मूलन कार्यक्रमात झाले. हा केवळ योगायोग म्हणता येईल; प्रयोगशाळा निघाली म्हणून शोध लागला, हे स्पष्टच आहे. तरीही डी.डी.टी.च्या फवाऱ्याने हिवतापाचा पडदा विरळ झाल्यावर त्याच्या आडचे रोगी दिसू लागले, असेही मानावयास जागा आहे. ज्याचा ताप क्विनीनने जात नाही असा रोगी, सर्वांनाच ताप असतो त्या गावात उठून दिसत नाही.

लेहमान ह्यांनी ह्या शोधावरून एक वंशशास्त्रीय उपपत्ती उभारली. भारतातील तथाकथित ‘वेड्डॉइड’ आदिवासींत हे जनुक मूळचे असून अरबस्तानमार्गे त्याचा आफ्रिकेशी संबंध पोचतो, असा तिचा आशय होता. ती उपपत्ती त्या काळाला शोभणारी होती. रक्तावरून वंश शोधण्याचा तो हव्यास होता. विदर्भातील पाहण्यांनी तिला सुरुंग लावला. येथे सिकलसेल केवळ गोंड, कोलाम, परधान अशा जमातींत नव्हे, तर अनुसूचित जातींतही मोठ्या प्रमाणात आढळला आणि इतर मागास समाजांतही सापडला. जनुकाला जात कळत नाही; परंतु जातीबाहेर विवाह न करण्याची रूढी त्याला ठरावीक घरांतून फिरवीत ठेवते. जीवशास्त्राच्या नोंदीत समाजाची रचना किती खोलवर उमटते, ह्याचे हे मराठी मुलखातील बहुधा सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. जनुकाच्या उगमाचा वाद नंतरही मिटलेला नाही. १९८६ मध्ये कुलोझिक व सहकाऱ्यांनी जनुकाच्या आसपासच्या आनुवंशिक खुणांवरून अरब-भारतीय प्रकार स्वतंत्रपणे आशियात उद्भवल्याचे मत मांडले. २०१८ मध्ये श्राइनर व रोटिमी ह्यांनी, अधिक व्यापक जनुकीय सामग्रीवरून, सर्व प्रकारांचा उगम सुमारे ७३०० वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतील एकाच उत्परिवर्तनात असावा असे म्हटले.

उगम कोठेही असो, एक कोडे राहतेच. रोगी मुले प्रजननाच्या वयापूर्वीच मरत असतील तर त्यांच्याबरोबर जनुकही पिढ्यांच्या ओघात विरळ व्हावयास हवे. ते विरळ झाले नाही. १९४९ मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन ह्यांनी थॅलसेमिया ह्या दुसऱ्या रक्तविकाराविषयी असा तर्क केला होता की वाहकांना हिवतापापासून काही संरक्षण मिळत असावे. (हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले.) १९५४ मध्ये ॲलिसन ह्यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या वाहकांविषयी ते दाखवून दिले. वाहकाच्या पेशीत घातक हिवतापाचा परोपजीवी शिरला म्हणजे ती पेशी लवकर वाकते व पानथरी तिला रक्तातून काढून टाकते. कमी प्राणवायूत परोपजीवीची वाढही खुंटते. म्हणून हिवतापाच्या मुलखात वाहक मूल निरोगी शेजाऱ्यापेक्षा जगण्याची शक्यता अधिक. आणि ह्या लाभाची किंमत ज्याला दोन्हीकडून जनुक आले त्या भावंडाने द्यावयाची. रोगी मुलाला मात्र हिवताप झाला तर तो इतरांहून अधिक घातक ठरतो.

येथे संसर्ग आणि आनुवंशिकता ह्यांच्यामधील भिंत ढासळते. पैनगंगेच्या खोऱ्यासारख्या प्रदेशात डासाने शेकडो वर्षे पसरविलेल्या संसर्गाने रक्तातील जनुकाची निवड केली. उलट दिशेनेही तेच आहे. सिकलसेलमध्ये पानथरी निकामी होऊ लागते, आणि तिच्या अभावी न्यूमोकॉकससारखे जंतू रक्तात पसरून लहान मूल एकदोन दिवसांत दगावते. १९८६ मध्ये अमेरिकेत मॅरिलिन गॅस्टन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत नियमित पेनिसिलिन दिलेल्या मुलांत असे संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे जनुकाच्या रोग्याचा मृत्यू पुष्कळदा जंतूनेच होतो. अशा मृत्यूचे कारण कोणत्या सदरात लिहावे? ‘ताप’ लिहिणारा पाटील आणि ‘जंतुसंसर्ग’ लिहिणारा डॉक्टर ह्यांच्यातील अंतर येथे वाटते तितके राहत नाही.

भारतातील अरब-भारतीय प्रकार आफ्रिकी प्रकारांपेक्षा सौम्य असतो, कारण त्यात गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन अधिक टिकते, असे पुष्कळ काळ मानले गेले. नागपुरात नवजात अर्भकांची तपासणी करून पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवण्याचे जे काम झाले, त्यावरून मध्य भारतात हा रोग तितकासा सौम्य नाही असे दिसले. सौम्यतेच्या समजुतीमागे पूर्वीच्या पाहणीची रीत असावी : जी मुले लहानपणीच गेली ती रुग्णालयाच्या पाहणीत आलीच नाहीत, जगली तीच मोजली गेली. पानथरी येथे अधिक वर्षे वाढलेली राहते, ही गोष्ट मात्र इतिहासकाराने विसरू नये. पानथरीच्या प्रमाणावरून हिवताप मोजणाऱ्या जुन्या पाहण्यांत, विशेषतः आदिवासी वस्त्यांतील आकड्यांत, सिकलसेलच्या पानथऱ्याही मोजल्या गेल्या असणार. त्यांचे प्रमाण थोडे असेल. पण ते शून्य धरून काढलेले निष्कर्ष तपासून पाहिले पाहिजेत.

२०१६ च्या अपंगत्वविषयक कायद्यात ह्या विकाराचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत निर्मूलन आणि बाधित भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी अशी त्याची उद्दिष्टे सांगण्यात आली. तपासलेल्यास कार्ड मिळते व विवाहापूर्वी दोघांनी ती ताडून पाहावीत असा सल्ला दिला जातो. हायड्रॉक्सियुरिया ह्या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत जनुक-संपादनावर आधारलेल्या उपचारासही मान्यता मिळाली, पण त्याची किंमत पाहता बंदी भागातील पाड्यांच्या संदर्भात त्याची चर्चा तूर्त व्यर्थ आहे. ‘निर्मूलन’ हा शब्द हिवतापाच्या कार्यक्रमातून आलेला आहे, हे येथे नोंदविले पाहिजे. डासाचे निर्मूलन करता येते, किंवा करता येईल असे १९५८ मध्ये वाटले होते. १९७६ मध्ये देशात हिवतापाचे ६४ लाखांहून अधिक रोगी नोंदले गेले तेव्हा तोही भ्रम ठरला. जनुकाच्या बाबतीत हा शब्द माणसांनाच लागू होतो. वाहक हा रोगी नव्हे. परंतु कार्डावरील ‘वाहक’ हा शब्द वधूच्या घरी कसा वाचला जातो, हा प्रश्न कुष्ठाच्या जुन्या शिक्क्याची आठवण करून देणारा आहे, आणि ह्या वेळी तो शिक्का शास्त्रानेच दिलेला आहे.

जुन्या आकड्यांकडे परत येताना एक मार्ग सुचतो. हिवतापाचे मृत्यू ऋतूला बांधलेले असतात. पावसाळा संपता संपता ते वाढतात व थंडी पडल्यावर उतरतात. सिकलसेलचे झटके वर्षभर येतात, आणि थंडीत पुष्कळदा वाढतात. पुसद तालुक्यातील गावांच्या नोंदी जेथे महिना, वय व जात ह्यांसह शिल्लक असतील, तेथे एक ते पाच वर्षांच्या मुलांचे ‘ताप’ सदरातील मृत्यू महिनावार लावून पाहावेत. आणि डोंगराळ वस्त्यांतील आंध, कोलाम, गोंड ह्यांच्या घरांतील आकडे सखल भागातील इतर घरांच्या आकड्यांशेजारी ठेवावेत. हेमंत-शिशिरातील मृत्यू दोन्हीकडे सारखेच उतरत नसतील, तर त्या फरकाला काही अर्थ असेल. अर्थात थंडीत छातीचे विकारही वाढतात, आणि पाटलाच्या नोंदीत तेही तापच होते. म्हणून देवी, पटकी किंवा दुष्काळ ह्यांची वर्षे आणि १९१८ चे वर्ष वगळूनच ही तुलना करावी लागेल.